स्पंजवरचे वळ

कूराबिल
९ ऑगस्ट १९५८

नोला,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचशील तर पडशील. यंदाच्या शेतकी शोमध्ये मी स्पंज केक ठेवणार आहे.

हो, मीच. शोच्या त्या शेडमध्ये जन्मात केक ठेवणार नाही म्हणून शपथ घेतली होती, ती मोडली. शपथ माझी, मोडली मी, कुणाचं काय गेलं.

कारण ऐक. आमच्या गावाचा नवा हॉल उभा राहिला. विटा कुणी आणल्या? नवरोबांची, क्लॅरीची, पाठ धरली होती, तो खाटेवर कण्हत पडलेला, तेव्हा रेल्वेच्या यार्डातून ट्रक भरभरून मी आणल्या. माझ्या हातांची सालं गेली. नोव्हेंबरात उद्घाटन आहे, मेलबर्नहून कुणी मोठ्या बाई येणार आहेत. तर परवा महिला मंडळाची सभा झाली. लॉकयरबाई उठल्या. आमच्या अध्यक्ष त्या, चष्म्यावरून बघतात, जसं काही आपण बिनतिकिटाचे आहोत. कामं वाटायला लागल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "एल्वा, तू नेहमीसारखी सँडविचं."

नेहमीसारखी. ऐकून ऐकून कान किटले माझे. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच नाचाला मी केक नेला होता आणि तो मधोमध खचला होता, कुणी वर बसून उठल्यासारखा. झालं. तेव्हापासून मी सँडविचवाली. पावाला लोणी लाव, काकडी काप, आणि लोक गोडाकडे वळले की आत जाऊन कपबशा धू. त्यानंतर माझ्या घरी किती केक झाले, आसपासच्यांनी किती हाणले, ते कुणाच्या ध्यानातही नाही.

मी विचारलं, "आणि मुख्य टेबलावरचा केक कोण करणार?"

"शोमध्ये जिच्या स्पंजला पहिला नंबर, ती," लॉकयरबाई म्हणाल्या. "म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

सगळ्यांनी आयडाकडे पाहिलं. आयडा ट्रेवेना, आमच्या पलीकडच्या शेतातली. पहिला नंबर दरवर्षी तिचा, जसा काही तो तिच्या नावावर लिहून दिलाय. तिने आपली मान खाली घातली आणि हसली. मी म्हटलं, "माझंही नाव लिहा." कुणीतरी खोकलं. लॉकयरबाई विचारतात, "सँडविचच्या गटात?"

शोमध्ये सँडविचचा गटच नसतो, नोला.

तर आता ठरलं. पहिला नंबर नाही आला तर मी त्या हॉलात पाय ठेवणार नाही. उद्घाटनाला नाही आणि नंतरही नाही. माझ्या विटांचा हॉल असेना का. क्लॅरीला सांगून ठेवलंय, नाचायचं असेल तर दुसरी बघ.

तू तिकडे स्वयंपाकाचे एवढे वर्ग केलेस, परीक्षकांच्या हाताखाली राबलीस. मला सांग, स्पंज मधे का बसतो. आमच्या चुलीत मॅलीच्या झुडपांचे बुंधे जळतात, ते पेटले की लोहाराची भट्टी होते, ती आग कशी आवरायची. आणि परीक्षक आधी काय बघतात. लवकर लिही. पाल्हाळ नको.

एल्वा


बॅलरॅट
२१ ऑगस्ट १९५८

प्रिय एल्वा,

तुझं पत्र मिळालं. क्लॅरीची पाठ आता कशी आहे? इकडे यंदा थंडी हटायला तयार नाही. लेनची दाढ परवा काढली, दोन दिवस नुसत्या सूपवर होता आणि लग्नापासून कधी नव्हता इतका चिडचिडा झाला होता. मी गुलाब छाटले. शेजारच्या मांजरीने आमच्या लाकडाच्या ढिगामागे पिल्लं घातली आहेत. एक अगदी पांढरं आहे, डोळ्यांवर तेवढे काळे ठिपके.

तू शोमध्ये भाग घेते आहेस हे वाचलं. बरं वाटलं.

तू जे विचारलं आहेस त्याबद्दल सध्या मला काही लिहिता येणार नाही. का, तेही सांगता येणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस. शो झाल्यावर आपण सगळं बोलू.

सोबत स्वेटरचा एक नवा नमुना पाठवते आहे. बाह्यांवरची वीण सोपी आहे.

तुझी,
नोला


कूराबिल
३० ऑगस्ट १९५८

नोला,

स्वेटरचा नमुना मिळाला. चुलीत घातला. चांगला पेटला.

मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय. मांजरीला पिल्लं झाली. आमच्याही मांजरीला झाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, पण मी काय त्यासाठी तिकीट चिकटवून पत्र टाकलं का? "सध्या लिहिता येणार नाही." हात मोडलाय का तुझा? गुलाब छाटता येतात, मांजरीचे ठिपके मोजता येतात, आणि सख्ख्या बहिणीला दोन ओळी लिहिता येत नाहीत.

कळलं मला काय ते. तुलाही वाटतं मी हरणार. आणि मी कुठे तुझं नाव घेतलं तर तिकडच्या बायकांत तुझी शोभा होईल. मी गाई पिळत होते तेव्हा तू शाळेत जात होतीस. दोघींची फी परवडत नाही म्हणाली आई, आणि मोठी म्हणून मला काढलं. जा बाई, शिकलीस, चांगलं झालं. पण शाळेत बोलायचं विसरायला शिकवतात हे माहीत नव्हतं.

माझं मी बघते आहे. पहिला स्पंज पायपुसण्यासारखा झाला. दुसरा एका बाजूने फुगला, दुसऱ्या बाजूने जळला. बदकाची अंडी आणली, त्याने पिवळा आला पण कडा चामड्यासारख्या. फसले तेवढे सगळे चौकोनी कापले, चॉकलेटात बुडवले, खोबऱ्यात लोळवले आणि लॅमिंग्टन म्हणून वाढले. सध्या मेंढ्यांची लोकर कापायला गडी आलेत. पहिल्या दिवशी खूश होते, लॅमिंग्टन म्हणजे काय चैन. काल त्यांच्यातला म्हातारा टोपी काढून दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, रागावू नका, पण आज मटण मिळेल का?"

त्यात आमचे हे. क्लॅरी आणि आयडाचा नवरा पर्सी मासे धरायला मरे नदीवर गेले. पाठ दुखते म्हणून विटा उचलता येत नाहीत, मासे उचलता येतात. जाताना माझी केक निववायची जाळी उचलली, चॉप्स भाजायला. परत आणली ती काळीकुट्ट आणि मधोमध पिळवटलेली. मी म्हटलं, "आता केक तुझ्या टकलावर पालथा घालू का?"

म्हणाला, "घाल की. टक्कल गुळगुळीत आहे, केकवर जाळीसारखे वळ उठायचे नाहीत."

मी लाटणं फेकलं. लागलं नाही. पाठ दुखणारा माणूस वाकतो बघ किती लवकर.

एल्वा


बॅलरॅट
९ सप्टेंबर १९५८

प्रिय एल्वा,

मी तुझ्यावर नाराज नाही. तुझी लाजही वाटत नाही, कधी वाटली नाही. शाळेचं तू लिहिलंस ते खरं आहे आणि मी ते एक दिवसही विसरलेली नाही.

पण तुझ्या पाया पडते, केकबद्दल मला एक अक्षरही लिहू नकोस. चूल नाही, अंडी नाही, जाळी नाही. तुझं मागचं पत्र मी अर्ध्यावर मिटायला हवं होतं आणि मिटलं नाही, याचाच मला त्रास होतो आहे.

तुझं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं. याहून जास्त विचारू नकोस.

नोला


कूराबिल
१५ सप्टेंबर १९५८

नोला,

ठीक. केकबद्दल लिहीत नाही. म्हणजे काहीच लिहीत नाही, कारण या घरात सध्या दुसरं काही चालूच नाही.

नाताळला तुमची वाट बघत नाही.

एल्वा


बॅलरॅट
१३ ऑक्टोबर १९५८

एल्वा,

आता लिहिता येतं, म्हणून सगळं लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग चुलीत घाल.

तुमच्या शोच्या परीक्षक बाई जुलैत पायरीवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शोच्या स्वयंपाक विभागाच्या प्रमुख मिस बायर्स यांनी मला विचारलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली तबकं उचलली, कार्डं लिहिली. पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात सुरी मिळणार होती. मी लगेच हो म्हटलं. कूराबिलचा शो असला तरी काय, एल्वाने तर शपथच घेतली आहे, असं मनात आलं. होकाराचं पत्र टाकलं आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. बसून वाच म्हणालीस ते बरं झालं.

मी मिस बायर्सना फोन केला. म्हटलं, माझी बहीण उतरते आहे, मला मोकळं करा. त्या म्हणाल्या, आता दुसरी परीक्षक कुठून आणू? केकवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तुमचं नाव मी त्या दिवशी सकाळपर्यंत कुणाला कळू देणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही आणि बहिणीला भाजण्याफुगवण्याबद्दल एक शब्द सांगायचा नाही. मी विचारलं, मग लिहू काय तिला? त्या म्हणाल्या, "मांजरींबद्दल लिहा."

म्हणून मांजर, एल्वा.

आता शेडमधलं सांगते. टेबलभर स्पंज होते. बरेच बाजूला काढायला वेळ लागला नाही. कुणाचा कोरडा, कुणाच्या पोटात पिठाच्या गुठळ्या. शेवटी दोनच उरले. पहिला उंच, रंग सगळीकडे सारखा, कापला तर आतून मलमलीसारखा. पण त्याच्या पाठीवर जाळीचे वळ उठले होते. आणि वळ सरळ नव्हते, एका कोपऱ्यात पिळवटलेले. दुसरा किंचित बुटका, पण बोटाने दाबला की पुन्हा वर येत होता, आणि वरून असा साफ, की सुरी लावायचं जिवावर यावं. तो कशावर निववला असेल ते मला कळेना.

पहिला कुणाचा ते मात्र मला कळलं. निदान मला तसं वाटलं. क्लॅरीने चॉप्स भाजून पिळवटलेली जाळी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ते मी वाचायलाच नको होतं.

मी सुरी पुसली, केक पुन्हा फिरवून पाहिला. आपले परीक्षक वळ खपवून घेत नाहीत, लहानपणापासून तू ऐकलं आहेस. परक्या बाईचा केक असता तर मी दुसरा नंबर दिला असता. म्हणून त्यालाही दुसराच दिला. कार्डावर शेरा लिहिताना माझं अक्षर इतकं वाकडं आलं की मिस बायर्सनी ते दोनदा वाचलं. मनात एकच येत होतं, शाळा मी घेतली तिची, आणि आता हेही घेतलं.

मग त्यांनी आकडे उघडले. दुसरा नंबर, मिसेस पी. ट्रेवेना. पहिला नंबर, मिसेस सी. प्रिचर्ड. म्हणजे तू.

तिथे बक्षिसाचे भोपळे ठेवले होते, मी त्यातल्या एकावर बसले. मिस बायर्स म्हणाल्या, "उठा, त्याचा निकाल लागायचाय."

दारं उघडली. तू त्या तपकिरी टोपीत गर्दीतून आलीस, कार्डापाशी गेलीस, वाचलंस. मग परीक्षकाच्या पांढऱ्या कोटात मला पाहिलंस. आणि पाठ फिरवून निघून गेलीस. मी तुझ्यामागे यायला निघाले तेवढ्यात दारापाशी कुणी बाई म्हणाली, "बहीणच परीक्षक, मग काय." मी मागे फिरले. मिस बायर्सनी मला मागच्या दाराने स्टेशनवर पोचवलं.

मी न्याय केला, एल्वा. तुझ्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. पण तू का गेलीस? आणि ती जाळी कुठे गेली? काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
नोला


कूराबिल
१६ नोव्हेंबर १९५८

नोला,

तार केली होती ती मिळाली ना? "रागावले नाही. काम चालू." तारेत शब्दाला पैसे पडतात, म्हणून तेवढंच. पत्राला उशीर केला, कारण गोष्ट अर्धीच झाली होती आणि अर्धी गोष्ट सांगायची मला सवय नाही.

आधी तुझं उत्तर. मी पाठ फिरवली नव्हती. तुला ठाऊक आहे मला वाचायला वेळ लागतो. ते कार्ड मी एकदा वाचलं, विश्वास बसला नाही, पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग वर बघते तर तू, कोट घालून, चेहरा पिठासारखा. एका क्षणात मांजरींसकट सगळं उमगलं. आणि डोळ्यांचं काय झालं ते झालं. मी लोकांत रडत नाही. म्हणून डुकरांच्या कोंडवाड्यामागे गेले. तिथे कुणी येत नाही, वासामुळे. परत आले तर तू गेलेली.

आता जाळी. नदीवर चॉप्स काय एका जाळीवर मावतात? पर्सीनेही आयडाची जाळी ढापली होती. माझ्या शहाण्याने वाकलेली तशीच आणून दिली आणि शिव्या खाल्ल्या. पर्सी हुशार. त्याने हातोडीने ठोकून सरळ केली, घासली आणि गुपचूप खिळ्याला अडकवली. एक कोपरा राहिला. आयडाच्या स्वयंपाकघरात उजेड कमी, तिला काही दिसलं नाही. शोच्या दिवशी तुझा शेरा वाचला, "वळ, तेही वाकडे", तशी ती सरळ घरी गेली आणि जाळी खिडकीशी धरून पाहिली. पर्सी अजून लोकरीच्या शेडमध्ये झोपतो.

आणि मी? मला क्लॅरीच्या टकलाने तारलं. लाटणं फेकलं खरं, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. गुळगुळीत, गोल, वर फुगलेलं. सकाळी पिठाची चाळणी घेतली, तिच्या कडेवर कोरं फडकं ताणून दोरीने आवळलं, ढोलासारखं, आणि स्पंज त्याच्यावर उतरवला. खालून हवा लागते, वर रेघ नाही. मॅलीच्या बुंध्यांचं म्हणशील तर आग पेटती असताना केक आत ढकलायचाच नाही. तिचं सगळं रागावून होऊ द्यायचं, निखाऱ्यावर राख धरायला लागली की मग. मी उतावळी, मला ते कळायला अख्खा महिना गेला. लॅमिंग्टन आता कुत्राही खात नाही.

तर शोनंतरचा सोमवार. दुकानात गेले, बोलणी बंद झाली. मागे वळले, पुन्हा सुरू. "बहीण बहिणीला नाही देणार तर कुणाला." आयडा स्वतः काही बोलली नाही, हे तिच्या बाजूने सांगते. तिच्या मागच्या बायका बोलत होत्या. संध्याकाळी लॉकयरबाई घरी आल्या, हातमोजे घालून. म्हणाल्या, "एल्वा, सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून मुख्य टेबलावर अर्धा केक तुझा ठेवू, अर्धा आयडाचा."

मी म्हटलं, "विटा आणल्या तेव्हा अर्धा हॉल आयडाचा म्हणालात का?"

"तसं नव्हे गं..."

"मग कसं? एक तर मी जिंकले, नाही तर नाही. नोलाने फुकट दिलंय असं वाटतं ना? चला, नोला तिकडे बॅलरॅटला आहे. आयडाला बोलवा. नव्या हॉलातली नवी चूल, तिच्यावर ना तिने काही भाजलंय ना मी. पुन्हा करू. सगळ्यांदेखत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तो चढवून पुढच्या सभेची तारीख सांगितली.

क्लॅरी म्हणाला, "जिंकलेलं पुन्हा कशाला पणाला लावतेस?" मी त्याला सांगितलं, कार्डावर कुजबुज चिकटलेली असेल तर ते भिंतीवर टांगून मी काय बघत बसू? हॉलात जायचं तर मान वर करून जाईन, नाही तर गेटबाहेरूनच बघेन. हरले असते ना नोला, तर खरंच गेले नसते. उद्घाटनासाठी आणलेलं निळं कापड दुकानात परत द्यायला बांधून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

तर मंडळाच्या सभेच्या दिवशी दोघी ॲप्रन बांधून उभ्या. बायका भिंतीला टेकून, दुकानदार आला, गव्हाच्या कोठारावरचे गडी आले. लोकर कापणारा म्हातारासुद्धा आला, म्हणाला मी फक्त बघायला आलोय. मी दोन चाळण्या नेल्या होत्या, दोन्हींवर फडकं आवळलेलं. एक आयडापुढे ठेवली.

तिने फडकं बोटाने दाबून पाहिलं. "हे काय?"

"तुझ्या केकवर वळ होते म्हणून मी जिंकले, असं म्हणायला जागा नको. घे."

"तुला अक्कल नाही, एल्वा."

"नाही. शाळेतून लवकर काढलं."

ती हसली. फेटायला लागलो. आयडाकडे दांडा फिरवायचं नवं यंत्र, माझ्याकडे तारेची जुनी फेटणी. गाई पिळून पिळून माझी मनगटं अशी झाली आहेत की अंडं मला दमवू शकत नाही. ही तुझ्या शाळेबद्दलची माझी शेवटची गोष्ट. ती फी वाया गेली नाही. तुला डोळा मिळाला, मला मनगट मिळालं. मागे पत्रात बोलले ते सोडून दे.

चूल नवी, तिचा स्वभाव कुणाला माहीत नाही. आयडाने लगेच आत घातला. मी थांबले. बायका कुजबुजल्या. लॉकयरबाई म्हणतात, "एल्वा, विसरलीस की काय?" मी दारावर हात धरून उभी. राख धरू दिली, मग घातला. जन्मात कधी इतकी थांबले नव्हते. क्लॅरी म्हणतो, लग्नालासुद्धा नाही.

दोन्ही निवले, मधे जाम भरला. बशीखाली चिकटपट्टीवर नाव लिहून लावतो ना आपण, तशी लावली, आणि आम्हाला दोघींना बाहेर काढलं. लॉकयरबाईंनी बशा स्वतः हलवल्या, कापल्या, मग सगळ्यांना बोलावलं. निकाल नाही, नंबर नाही, फक्त खा म्हणाल्या. बघता बघता डावीकडची बशी सरकायला लागली. उजवीकडचीही जात होती, खोटं कशाला बोलू, पण डावीकडे रांग होती. म्हाताऱ्याने बघता बघता तिथे दोनदा बघितलं.

मला माझा केक ओळखू येईना. दोन्ही साफ, दोन्ही पिवळे. मी काही न खाता भिंतीशी उभी. आयडाने डावीकडचा तुकडा घेतला, संपवला, मान हलवली आणि दुसरा उचलला. शेजारणीला म्हणाली, "माझा मी ओळखते गं. असा दुसऱ्या कुणाचा होतच नाही."

लॉकयरबाईंनी डावीकडची बशी उचलली, उलटी केली, चष्म्यावरून वाचलं. मग चष्म्यातून वाचलं.

"प्रिचर्ड," त्या म्हणाल्या.

आयडाच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश चावला, गिळला, ओठांवरची साखर पुसली. माझ्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली, "मग तिसराही घेते."

आणि घेतला. नोला, तुझ्या कार्डाने मला आनंद झाला, पण त्या तिसऱ्या तुकड्याची सर कशाला नाही. बायका हसायला लागल्या, मग टाळ्या. दुकानात पुन्हा कुणी तुझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर आधी आयडाच तुटून पडली असती. ती चाळणी तिने परत दिलेली नाही. मीही मागितली नाही.

काल उद्घाटन झालं. मी नवा निळा ड्रेस घातला, क्लॅरीने बूट पुसले. मुख्य टेबलावर, बरोबर मधोमध, माझा केक. वर मलई, त्यावर पॅशनफ्रूट. मेलबर्नच्या बाईंनी भाषण केलं, फीत कापली, केक खाल्ला आणि हात थांबवून विचारलं, "हा कुणी केला?" सगळा हॉल माझ्याकडे वळला. त्यांनी मला बोलावून घेतलं, कृती विचारली. मी म्हटलं, "अंडी बदकाची, आग विझत आलेली आणि नवरा टकला." त्यांना शेवटचं कळलं नाही, पण त्या लिहून घेत होत्या.

नाताळला या. दोघंही. उगाच आढेवेढे घेऊ नकोस, खोली झाडून ठेवली आहे. लेनला नवी दाढ बसवली असेल तर टॉफी करते, नसेल तर अंड्याच्या पांढऱ्याचा पावलोव्हा, तो जिभेवरच विरतो. येताना स्वेटरचा तो नमुना पुन्हा आण.

आणि एक राहिलं. भाषणं झाल्यावर सवयीने मी उठले आणि आत कपबशांकडे निघाले. दारात लॉकयरबाई. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. म्हणाल्या, "कुठे निघालीस? बाहेर बस."

मी बसले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, माझ्या विटांच्या भिंतीला टेकून. आयडाने चहा आणून हातात दिला. एक घोट घेतला, नोला, आणि जीभ पोळली. या गावात कुठल्याही कार्यक्रमात मला मिळालेला हा पहिला गरम चहा.

तुझी,
एल्वा